म्हार्दोळला उतरलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सर्वांसमक्ष लिहितो आहे. चवथीच्या आदल्या आठवड्यात पणजीहून फोंड्याला जाणाऱ्या कदंब बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेला तो मी. शाळेच्या ग्रंथालयाची नवी कार्डं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या प्रणालीत, दोन दिवस सापडत नव्हती. त्यातल्या टेबलात (तक्त्यात) क्रमांक होते, पण माझ्या क्वेरीला, म्हणजे शोधाच्या आज्ञेला, एकही मिळत नव्हता.

त्यातलं एक कार्ड ०४७३१९५२. टेबलात ते चार बाइटांच्या बायनरी, म्हणजे मजकुराऐवजी नुसते बाइट ठेवणाऱ्या, रकान्यात होतं आणि मी नुसत्या अवतरणचिन्हांत लिहून शोधत होतो. तुम्ही विचारलंत, "हा मजकूर आहे, की बाइट?" मग वर्तमानपत्राच्या कडेला जोड्या पाडून दाखवल्यात: ०४, ७३, १९, ५२. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या अंकपद्धतीत, एक जोडी म्हणजे एक बाइट, म्हणून चार. नुसत्या अवतरणात मात्र ती आठ अक्षरं, म्हणजे आठ बाइट. त्यांची गाठ पडणार कशी? अवतरणाच्या आधी एक्स (X) लावला, म्हणजे 'हे हेक्स म्हणून वाच' असं सांगितलं, आणि जुने गोवे यायच्या आत ओळ समोर आली.

पण मोठा उपकार पुढचा. एक्सेलमधून आलेल्या यादीत काही क्रमांकांचं पहिलं शून्य गळालं होतं. सातच आकडे उरल्यामुळे एक्स लावला की मायएसक्यूएल चूक दाखवायचं. अवतरण काढून आकड्यांआधी शून्य-एक्स (0x) लिहिलं की चालतं, कारण तिथे आकडे विषम असले तर ते आपणहून आधी एक शून्य धरतं. मी तेच करायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, "गळालेला आकडा शेवटचा असेल तर?" खरंच, मग भलताच क्रमांक तयार झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं. "अडवणारी पद्धत धर." त्या रात्री मी सगळी कार्डं मूळ यादीशी ताडून पाहिली.

बस म्हार्दोळला थांबली तेव्हा परवानग्यांच्या रकान्याचं बोलणं अर्धवट होतं. वाचनकक्ष, घरी पुस्तक, संगणक अशी तीन बिटं. अवतरणाआधी बिटांसाठीचं बी (b) हे अक्षर लावून १०१ भरलं होतं, पण वाचताना स्क्रीनवर धड काही उमटत नव्हतं. "त्यात शून्य मिळवून बघ," एवढं सांगून तुम्ही उतरलात.

मिळवलं. आकडा उमटला: १०१ म्हणजे चार आणि एक, पाच आलं, ताई.

तुमचा ऋणी,
फोंड्याचा ग्रंथपाल