लांब फायरिंग पिनमुळे ठेचलेले चेंबर आणि माहितीपुस्तिकेतील चुकीची सूचना : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय : .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफलमधील दोष दूर करून मिळण्याबाबत व पुस्तिकेत दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,

नेमबाजीच्या सरावासाठी आपल्याकडून घेतलेल्या .२२ रायफलींपैकी एकीत काडतुसे मिसफायर होतात (ट्रिगर दाबूनही उडत नाहीत) आणि झाडलेल्या पुंगळ्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, अडकतात. आपल्या सेवा केंद्राने पहिल्या दोषाचे खापर काडतुसांवर व दुसऱ्याचे अस्वच्छतेवर फोडून रायफल तशीच परत पाठवली. आम्हाला हे मान्य नाही. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे, आणि ते फायरिंग पिनमध्ये, म्हणजे काडतुसावर घाव घालणाऱ्या दांडीत, आहे.

काडतुसांचा संशय आम्ही आधीच तपासून पाहिला होता. तीन वेगवेगळ्या लॉटमधली प्रत्येकी ५० काडतुसे चालवली. १५० पैकी ११ उडाली नाहीत, आणि ती तिन्ही लॉटमधली होती. दर वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून ३० सेकंद थांबलो, मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडला. तीच ११ काडतुसे पिनचा घाव कडेच्या नव्या जागी बसेल अशी फिरवून दुसऱ्या रायफलमध्ये घातली. अकराही उडाली. चेंबर ब्रश व सॉल्व्हंटने स्वच्छ केल्यावरही पुंगळ्या अडकायच्या थांबल्या नाहीत.

.२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्याचे पेट घेणारे मिश्रण बुडाच्या मधोमध नसते, पुंगळीच्या पोकळ कडेत भरलेले असते. पिन ती कड नळीच्या मागच्या तोंडावर दाबून चेचते, तेव्हा मिश्रण पेटते. म्हणजे नळीची ती धार इथे ऐरणीचे काम करते. ऐरणच खचली, की घाव कितीही जोराचा बसला तरी कड चेचली न जाता नुसती वाकते.

बोल्टच्या तोंडावर कड बसण्यासाठी जी खोबण असते, तिची खोली डेप्थ मायक्रोमीटरने १.१० मिमी भरली. ती बरोबर आहे. पिन मात्र पूर्ण पुढे आल्यावर खोबणीच्या तळापासून १.१८ मिमी बाहेर येते. ती खोबणीपेक्षा आखूडच राहायला हवी. चेंबर रिकामे असताना ट्रिगर दाबला, की ही पिन थेट नळीच्या पोलादावर आदळते.

त्याचा परिणाम भिंगाशिवायही दिसतो. चेंबरच्या तोंडाशी, घड्याळातल्या १२ च्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढी चौकोनी खाच पडली आहे. तिथला धातू आत सरकून कंगोरा तयार झाला आहे. कापसाची काडी फिरवली तर तंतू नेमके तिथेच अडकतात. झाडलेल्या प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी एक लांबट चरा उठतो. बार उडाला की दाबाने पितळ फुगून चेंबरला चिकटते, आणि मागे येताना त्या कंगोऱ्याला अडते. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी मग कडेवरून निसटते.

रायफल वापरणाऱ्याने यात काहीही चूक केलेली नाही. आपल्या पुस्तिकेत ‘रिकाम्या चेंबरवर हवा तितका ड्राय फायर सराव करावा’ असे स्पष्ट छापले आहे. ड्राय फायर म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर दाबणे. लांब पिन आणि ही सूचना एकत्र आल्यावर चेंबर खराब होणारच. नवशिके तर पुस्तिकेतले अक्षर अन् अक्षर पाळतात, म्हणून ही चूक आम्हाला जास्त गंभीर वाटते. त्याच पुस्तिकेतल्या आकृतीत एक्स्ट्रॅक्टर व इजेक्टरची नावेही उलटसुलट आहेत. पुंगळी चेंबरमधून ओढून काढतो तो एक्स्ट्रॅक्टर. बोल्ट मागे आल्यावर तिला ठोकर देऊन बाहेर फेकतो तो इजेक्टर. आकृती पाहून दुरुस्तीला बसणारा माणूस नको तो भाग बदलेल.

आमच्या मागण्या अशा : योग्य लांबीची पिन विनामूल्य बसवावी आणि बसवल्यानंतरचे माप लेखी द्यावे. चेंबरमध्ये सरकलेला धातू चेंबर आयर्निंगच्या हत्याराने दाबून जागेवर आणावा. रीमर (भोकाच्या आतून धातू कापणारे हत्यार) फिरवून तो कापून काढू नये, कारण कापलेला धातू परत येत नाही आणि ऐरण खचलेलीच राहते. आयर्निंगनंतरही मिसफायर झाले तर नळी बदलून द्यावी. त्याच उत्पादन तुकडीतल्या इतर रायफलींच्या पिना मोजाव्यात आणि तोवर त्यांच्या ग्राहकांना रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर न करण्याची लेखी सूचना द्यावी. पुस्तिकेतली ती ओळ व आकृती दुरुस्त करावी.

मापांचा तक्ता, चेंबरची छायाचित्रे आणि चरा उठलेल्या ५ रिकाम्या पुंगळ्या सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तोपर्यंत ही रायफल वापरातून काढून कुलूपबंद ठेवली आहे.

आपले विश्वासू,
शस्त्र देखभाल विभाग,
नेमबाजी प्रशिक्षण केंद्र