नागपूर दर्शनाचा क्रम चुकतो आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की नागपुरात बाहेरगावच्या पाहुण्यांची आणि शाळांच्या सहलींची वर्दळ वाढते. यांतल्या बऱ्याच जणांचा दिवस एकाच कारणाने वाया जातो. ठिकाणे बरोबर निवडलेली असतात, पण क्रम चुकतो. दहाला निघायचे, अकराला पहिले देऊळ, तिथून दुसऱ्या देवळात पोहोचेपर्यंत नैवेद्य होऊन गाभारा बंद आणि पुढे चार वाजेपर्यंत गाडीत ताटकळायचे. अजबबंगला, म्हणजे १८६३ साली सुरू झालेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद असते आणि नेमक्या सोमवारीच तिथे मुलांच्या गाड्या येऊन उभ्या राहतात.

सर्वांत जास्त हिरमोड होतो तो सीताबर्डीच्या किल्ल्यापाशी. नकाशावर तो शहराच्या मधोमध दिसतो, म्हणून लोक थेट फाटकापर्यंत जातात आणि परत फिरतात. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सर्वसामान्यांना तो वर्षातून तीनच दिवस बघता येतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. त्या दिवशी ओळखपत्र घेऊन सकाळीच जावे; १ मेला तर उन्हामुळे दुसरा इलाजच नाही. बाकीच्या दिवशी टेकडी गणपतीचे दर्शन घ्यावे. हे देऊळ त्याच टेकडीला लागून, रेल्वे स्थानकाजवळ आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई इथल्याच टेकड्यांवर झाली आणि आज दिसणारा किल्ला इंग्रजांनी त्यानंतर उभारला. मुलांना हे तिथेच, टेकडी समोर दाखवून सांगावे.

तिथून झीरो माईल हे स्मारक जवळच आहे. गाडीतून उतरायचे, चार घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढायचा आणि निघायचे, एवढ्यावर बहुतेकांचे काम उरकते. खरी बघण्यासारखी वस्तू घोड्यांच्या शेजारी आहे. वाळूच्या दगडाचा तो षट्कोनी खांब नीट फिरून बघावा. हैदराबाद, चांदा, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे त्याच्या बाजूंवर मैलांत कोरलेली आहेत. जवळचा छोटा दगड १९०७ सालच्या सर्वेक्षणातला, समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवण्यासाठी बसवलेला आहे. ‘भारताचा मध्यबिंदू’ एवढेच सांगून पुढे जाणाऱ्या मार्गदर्शकांनी ही उंचीची गोष्टही सांगावी अशी आमची कळकळीची विनंती आहे. मेट्रोचे झीरो माईल स्थानक अगदी लागूनच आहे, त्यामुळे इथे स्वतःची गाडी आणून पार्किंग शोधत बसण्यात अर्थ नाही.

महाल ही शहरातली जुनी वस्ती मात्र सकाळी नऊच्या आत गाठावी. त्यानंतर केळीबाग रोडवर दुकानांची आणि हातगाड्यांची गर्दी होते, मोठी बस आत शिरत नाही आणि शिरलीच तर वळत नाही. मेट्रोने चितार ओळीला उतरून बडकस चौकापर्यंत ऑटो करणे सोपे. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाचा राजवाडा १८६४ साली जळाला आणि नगारखाना तेवढा उरला. म्हणून ‘राजवाडा कुठे आहे?’ असे विचारत फिरू नये. नगारखान्यासमोर थांबून आधी दरवाजाची उंची बघावी आणि मग कल्याणेश्वराच्या देवळाकडे वळावे. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, देवळे बघायला या भागात येऊ नये. त्या दिवशी रस्ता मिरवणुकीचा असतो. पोद्दारेश्वर राममंदिराचेही तसेच. रामनवमीची शोभायात्रा बघायची असेल तर जरूर यावे, पण निवांत दर्शन दुसऱ्या कुठल्याही दिवशी घ्यावे.

देवळांचे गाभारे बंद असतात ती दुपारची वेळ दीक्षाभूमीसाठी ठेवावी. इथला स्तूप सांचीच्या धर्तीवर असला तरी सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ, त्यामुळे भर उन्हातही घुमटाखाली सावलीत उभे राहून बघता येतो. गटाला सांगायची माहिती, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षा सोहळा आणि २००१ मध्ये झालेले स्तूपाचे लोकार्पण, बाहेर झाडाखालीच सांगून घ्यावी. आत लोक वंदनेला आलेले असतात, तिथे भाषण नको. रहाटे कॉलनी मेट्रो स्थानकावरून ऑटो मिळतो.

मार्चपासून पुढे आणखी एक अडचण येते, ती चपला काढल्यावर. काळा दगड वाळूच्या दगडापेक्षा जास्त तापतो, आणि दुपारी एकच्या सुमारास उघड्या फरशीवर म्हाताऱ्या माणसांच्या पायांना अक्षरशः फोड येतात. देवस्थानांनी चपलांच्या रॅकपासून पायरीपर्यंत काथ्याची चटई अंथरून ती तासा-दोन तासांनी ओली करावी. पांढरा रंग दिला तरी फरशी कमी तापते, मात्र रंग गुळगुळीत असेल तर पाणी पडल्यावर पाय घसरतो. पाहुण्यांनी जाड मोजे जवळ ठेवावेत.

रामटेक याच दिवसात कोंबू नये. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि त्याला वेगळा दिवस द्यायला हवा. गडमंदिर सगळेच बघतात, पण वाटेवरचे केवल नरसिंहाचे देऊळ मात्र बहुतेकांकडून राहून जाते. पाचव्या शतकातले, वाकाटक राजघराण्याच्या काळातले हे छोटे, दणकट देऊळ आहे. हिरण्यकशिपूला फाडणारा उग्र नरसिंह इथे नाही. हा हातात चक्र घेऊन ऐसपैस बसलेला आहे. आतल्या भिंतीवरच्या शिलालेखात राणी प्रभावतीगुप्ताच्या घराण्याची हकिगत आहे. अक्षरे झिजलेली आहेत. ती वाचण्यासाठी काही जण खडू घासतात, पाणी मारतात. तसे कृपा करून करू नये, कारण वाळूचा दगड सच्छिद्र असतो आणि खडूची भुकटी त्यात कायमची बसते. विजेरी समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरावी. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ओळी आपोआप उठून दिसतात. गडावर माकडे फार आहेत, म्हणून प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये.

शहराच्या पर्यटनाचे काम बघणाऱ्यांकडे आमची मागणी छोटी आहे. रेल्वे स्थानकावर आणि सीताबर्डी मेट्रो स्थानकावर मराठी, हिंदी व इंग्रजीत एकच फलक लावावा. त्यावर प्रत्येक ठिकाणाची उघडण्याची व मिटण्याची वेळ, साप्ताहिक सुटी, जवळचे मेट्रो स्थानक आणि किल्ल्याच्या तीन तारखा असाव्यात. उन्हाळ्यात व सणांच्या काळात वेळा बदलतात, म्हणून वेळेचा रकाना रंगवून न टाकता बदलता येणाऱ्या पट्ट्यांचा ठेवावा. हा फलक २६ जानेवारीच्या आत लागला, तर किल्ला बघण्याच्या पहिल्याच तारखेला त्याचा उपयोग होईल.

आपले,
वारसास्थळांचे काही अभ्यासक, नागपूर