घरच्या सीडीला नाव-गाव हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याची आवराआवर सुरू झाली की घराघरांतल्या जुन्या सीड्या भंगारात निघतात. गेल्या आठवड्यात रद्दी घालायला गेलो, तर भंगारवाल्याकडे सीड्यांचे अख्खे पोते पडलेले. बहुतेक सिनेमाच्या होत्या. एक मात्र साध्या कागदी पाकिटात, आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेले एवढेच: ‘आई २’. ती मी मागून घेतली. हे पत्र तिच्यामुळे लिहितो आहे.

माझी हयात सोलापुरातल्या छापखान्यांत गेली. आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग ट्रेडल छपाईयंत्रावर लग्नपत्रिका काढल्या, पुढे संगणक आला. २००४ च्या सुमारास सीडी रायटर परवडू लागले आणि लोक जुन्या कॅसेटी पिशवीत घालून येऊ लागले. भजनी मंडळाची बारी, बारशाचे पाळणे, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या. ‘सीडी मारून घेतली आहे, वर छान कव्हर करून द्या,’ म्हणायचे. विठ्ठलाचा मोठा रंगीत फोटो सगळ्यांना हवा असे. गाणाऱ्याचे नाव घालू का, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘घरातलंच आहे की काका, कुणाला माहीत नाही?’ मीही फार आग्रह धरला नाही. धरायला हवा होता. देवाचा फोटो आतल्या पानावर शोभतो. वर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीखच पाहिजे. पेटी कोणाची, पखवाज कोणाचा, हेही. गाण्यांच्या यादीत नुसते ‘अभंग १, अभंग २’ लिहू नये, प्रत्येकाचा पहिला चरण लिहावा.

माझ्या हातून घडलेली चूकही सांगतो. वडिलांच्या भजनाची सीडी केली तेव्हा तबकडीवर मी पूर्ण गोल कागदी स्टिकर चिकटवला. छापील अक्षर, कडेला सोनेरी रेघ, मला त्याचा अभिमान होता. काही उन्हाळे गेले आणि स्टिकरची कड उचलली. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते वाचकांना सांगायला नको. ती कड मी नखाने सोलायला गेलो, तर कागदाबरोबर चंदेरी पापुद्रा निघाला. तबकडी उजेडात धरली तेव्हा तिथून पलीकडची खिडकी दिसत होती. तेवढे वडील गेले.

लोक सीडीची खालची चकचकीत बाजू जपतात. खरे तर ध्वनी साठवणारा थर छापील बाजूला असतो आणि त्याच्यावर वार्निशचा पातळ हात असतो. खाली प्लास्टिकची चांगली मिलिमीटरभर जाडी असते. म्हणून वरच्या बाजूला स्टिकर लावू नये, बॉलपेन दाबून लिहू नये. एका बाजूने उचललेला स्टिकर तबकडीचा तोलही बिघडवतो आणि ती वेगाने फिरताना थरथरते. लिहायचेच असेल तर मऊ टोकाच्या, पाण्याच्या शाईच्या मार्करने, आणि तेही मधल्या पारदर्शक गोलावर दोन शब्द. बाकी सगळा मजकूर डबीच्या कागदावर.

त्या कागदाची मापे आपण छापलीत तर उपकार होतील. पुढचा कागद १२० बाय १२० मिलिमीटर. मागचा १५१ बाय ११८, त्यातले दोन्ही कडांचे साडेसहा-साडेसहा मिलिमीटर घडी घालून उभे करायचे. एका ए-फोर कागदावर दोन्ही बसतात. सुकलेले बॉलपेन आणि स्टीलची पट्टी घेऊन घडीच्या जागी रेघ ओढली की कड सुरेख मोडते, मशीनची गरज नाही. त्या उभ्या कडेवर नाव व साल दोन्ही बाजूंना लिहा. डब्या फळीवर एकीवर एक रचल्या की फक्त तीच कड दिसते.

एक कव्हर अजून आठवते. पूर्व भागातले एक पद्मशाली कुटुंब आजीची तेलुगू लग्नगीते घेऊन आले होते. आमच्या संगणकावर तेव्हा तेलुगू अक्षर नव्हते. गाण्यांची नावे मराठीत लिहू म्हटले, तर आजीनेच कार्ड मागून घेतले आणि चटईवर बसून सगळी यादी स्वतःच्या हाताने लिहिली. मी ती तशीच छापली. ध्वनिमुद्रणात मागे सतत यंत्रमागाची खडखड होती. नातू ती काढून टाका म्हणत होता. मी कव्हरवर एक ओळ घातली: ‘मागे घरच्या मागाचा आवाज आहे, बिघाड नाही.’ नातवालाही ते पटले. माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले कव्हर मी तेच मानतो.

आता ‘आई २’. घरी लावून पाहिली, सुदैवाने वाजली. नव्वदची कॅसेट ऐंशी मिनिटांच्या सीडीत मावत नाही, म्हणून लोक एका कॅसेटीच्या दोन सीड्या करत. तेव्हा ‘आई १’ही कुठेतरी असणार. हिच्यात चाळीस मिनिटे जात्यावरच्या ओव्या आहेत. बाईचा आवाज जाडसर आहे, उतारवयाकडे झुकलेला. एका ठिकाणी लहान मूल काहीतरी विचारते. जाते थांबते, ती म्हणते, ‘थांब, एवढं पायलीभर होऊ दे,’ आणि जिथे ओवी सोडली होती तिथूनच पुन्हा धरते.

मी तिला नवी डबी केली. लग्नपत्रिकेचा उरलेला जाड कागद वापरला. कोणत्या पेठेत सापडली, कोणत्या महिन्यात, किती मिनिटे, कोणत्या ओव्या, सगळे लिहिले आहे. ‘गाणारीचे नाव’ ही ओळ मोकळी ठेवली आहे. कोणाची आई जात्यावर दळताना गायची आणि तिचे गाणे टेप केले होते, असे आठवत असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. डबी घेऊन मी येईन. ‘आई १’ कोणाच्या घरी असली तर तीही टाकू नये.

– एक निवृत्त मुद्रक, साखर पेठ, सोलापूर