नारळ लावायचे तर आधी ते खाणाऱ्यांना विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

प्रशांत महासागरातल्या ज्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या आणि त्यासाठी तिथल्या लोकांना हलवलं, त्यांच्यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, माहिती छान होती, पण शेवटी जे म्हटलंय की जमिनीत पोटॅशियमचं खत टाकलं आणि नारळ परत लावले की लोकं घरी जातील, ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

खताचं शास्त्र बरोबरच आहे. मार्शल बेटांची (बिकिनी त्यांतलंच) जमीन म्हणजे प्रवाळाचा चुरा, त्यात पोटॅशियम अगदी कमी, मग झाडं त्याच्या जागी चाचण्यांमुळे मातीत राहिलेलं किरणोत्सारी सीझियम-१३७ ओढून घेतात आणि ते सरळ नारळात उतरतं. पोटॅशियम भरपूर दिलं की हे ओढणं खूप कमी होतं, अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबने बिकिनीवरच वर्षानुवर्षं प्रयोग करून हे दाखवलंय. पण मातीतलं सीझियम खताने नाहीसं होत नाही, फक्त झाडात कमी चढतं, आणि खत काही वर्षांनी परत द्यावं लागतं. ते कोण देणार, कुणाच्या पैशाने, आणि मधेच बंद पडलं तर? बिकिनीच्या लोकांचा कल वरची माती खरवडून काढण्याकडे होता. त्याचा तोटा असा की आधीच थोडी असलेली सुपीक मातीच निघून जाते. दोन्हीकडे काहीतरी जातंच, मग काय जाऊ द्यायचं हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायला नको का?

विचारलं होतं की, असं कुणी म्हणेल. हो, १९४६ ला अमेरिकी नौदलाच्या कमोडोर बेन वायटने रविवारच्या प्रार्थनेनंतर विचारलं, मानवजातीच्या भल्यासाठी, म्हणजे या चाचण्यांसाठी, बेट तात्पुरतं सोडाल का म्हणून, आणि बिकिनीची निवड तर अमेरिकेत आधीच झालेली होती! १६७ लोकं गेली, आधी रोंगेरिक बेटावर नेलं तिथे उपासमार झाली, मग किली बेट, जिथे लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचं शांत पाणीच नाही, म्हणजे मासेमारीचेही वांधे. १९६८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बेट सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, साफसफाई झाली, नारळ लावले. पण १९७२ ला बिकिनी कौन्सिलने सगळ्यांनी मिळून परत जायचं थांबवलं, कारण किरणोत्साराबद्दलच्या माहितीवर त्यांचा भरवसा बसेना. तरी काही कुटुंबं गेली. १९७५ ला बिकिनीच्या लोकांनी पूर्ण तपासणी करा म्हणून अमेरिकेच्या कोर्टात केस टाकली आणि १९७८ ला अंगातलं सीझियम फार वाढलेलं सापडलं म्हणून सगळ्यांना परत हलवलं. म्हणजे शंका त्यांना आधी आली, मोजमाप मागून आलं.

आणि खरी गोम इथेच आहे. माणसाला किरणोत्साराचा किती डोस बसेल याचा हिशोब तो बेटावरचं किती खातो यावर अवलंबून असतो, रोज किती नारळ, पँडॅनस (केवड्याच्या जातीचं फळ) किती, ब्रेडफ्रूट (नीरफणस) किती, नारळखेकडा कधी मिळतो, आणि जहाजाने येणारा तांदूळ संपला की काय करतात. हे आकडे तिथल्या स्वयंपाकघरात मिळतात, आणि ते चुकले की पुढचं सगळं गणित चुकतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९८ च्या अहवालात म्हटलं की सध्याच्या स्थितीत तिथे कायमचं राहू नका, खत द्या आणि घरांच्या आसपासची माती बदला, पण फक्त तिथलंच खाऊन राहायचं गृहीत धरून. गृहीत बदललं की सल्लाही बदलतो, साधी गोष्ट आहे.

पैशाचंही तेच, २००१ ला अणुचाचण्यांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यूक्लियर क्लेम्स ट्रिब्युनलने बिकिनीला ५६ कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली, त्यात जमीन सुधारायचा खर्चही होता, पण हातात आला तो अगदी चिमूटभर, कारण फंडच संपला. विनापैशाची सल्लामसलत म्हणजे नुसती सही घेणं.

तेव्हा पुढच्या वेळी या विषयावर छापाल तर किली आणि एजिट या बेटांवर राहणारी बिकिनीची माणसं काय म्हणतात तेही घ्या, आणि शास्त्रज्ञांना एवढं नक्की विचारा की दिवसाला किती नारळ धरून हिशोब केलाय आणि तो आकडा कुणी सांगितला.

आपला,
एक नियमित वाचक