हेरिटेज खोलीचे पैसे घेऊन दुसरीच खोली दिल्याबाबत तक्रार

प्रति,
महाव्यवस्थापक,
फोर्ट, मुंबई

महोदय,

१२ जुलैपासून दोन रात्री आम्ही तुमच्याकडे खोली क्र. ३१४ मध्ये होतो. बाबांना ८० वर्षं पूर्ण झाली, त्यानिमित्त मुद्दाम तुमचं हॉटेल निवडलं होतं. या इमारतीत पूर्वी जहाज कंपनीचं ऑफिस होतं आणि बाबांनी तिथे ३१ वर्षं कारकुनी केली.

तुमच्या वेबसाइटवरच्या हेरिटेज खोलीला रस्त्याकडे उघडणारी उंच सागवानी खिडकी आहे. आमच्या खोलीतली खिडकी स्क्रू मारून बंद केलेली आणि वर प्लायवूड ठोकलेलं. बाबांनी फटीत बोट घालून चौकट चाचपली. "माझं टेबल इथेच होतं," एवढंच म्हणाले.

पलंगाच्या उशाशी भिंतीला ओल होती. रंगाच्या फुग्याला हात लावला तर पोपडा गळून आतून पांढरी पूड पडली. बाबा रात्रभर खोकत होते. खोली बदलून मागितली, तर तुमचे कर्मचारी शिल्लक नाही म्हणाले, आणि वर "जुनी बिल्डिंग आहे, पावसाळ्यात होणारच." इमारतीच्या वयावर खापर फोडू नका. दगड-चुन्याची भिंत ओल धरते तशी सोडतेही. तिच्यावर प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, लागतो. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारती चुन्याच्या बांधकामाच्या आहेत आणि अजून उभ्या आहेत. तुमच्या कंत्राटदाराला हे ठाऊक हवं होतं.

जुना लाकडी जिना पाहता येईल, असं बुकिंगच्या वेळी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. प्रत्यक्षात पहिल्याच पायरीला दोरी, आणि वर गाद्या, गुंडाळलेले गालिचे, धुण्याच्या ट्रॉल्या. आग लागली तर पाहुण्यांनी कुठून उतरायचं?

हेरिटेज खोलीचे रात्रीचे १४,००० रुपये घेतलेत, साध्या खोलीचा दर ११,००० आहे. दोन रात्रींचा फरक १८ टक्के जीएसटीसह ७,०८० रुपये होतो. तो १५ दिवसांत परत करा आणि वेबसाइटवरचा फोटो काढा. नाहीतर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करणार आहे. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आणखी एक. जिना मोकळा करून बाबांना एकदा चढू द्या. हळूहळू का होईना, दोन मजले ते अजून चढतात. सकाळची वेळ त्यांना बरी पडते.

आपली,
खोली क्र. ३१४ ची ग्राहक