आरसा कशासाठी असतो?

नागपूर,
वैशाखातली दुपार

प्रिय बेटा,
जय भीम.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी भरत होते. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. म्हणून नुसतं "बघू" म्हणाले. तुला ते लागलं, आवाजावरून कळलं. आज निवांत बसून लिहिते आहे.

"गाडी घेऊ की नको, तूच सांग," असं म्हणालास. ते मी सांगणार नाही. हो म्हटलं तर उद्या हप्ते जड झाले की आईनेच सांगितलं होतं म्हणशील, नाही म्हटलं तर जन्मभर ऐकवशील. पण सनरूफचं काय खूळ आहे, बाप्पा? इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, माणसं तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघतात, आणि तू छत उघडून फिरणार! पुण्यात राहतो म्हणशील. मग पुण्याच्या सिग्नलवरचा धूर वरूनही घे.

असो. चेष्टा पुरे.

तुला गाडी हवीशी वाटते यात मला काही वावगं वाटत नाही. हवंसं वाटणं म्हणजे पाप, अशी शिकवण आपल्या घरात कधी नव्हती. पालीत दोन शब्द आहेत, तण्हा आणि छंद. तण्हा म्हणजे तहान, पिऊन न भागणारी. छंद म्हणजे काही करावंसं वाटणं. तो चांगलाही असतो, वाईटही. चांगला छंद नसेल तर माणूस अंथरुणातून उठायचा नाही. बाबासाहेबांनाही घर हवं होतंच की. दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून. त्यामुळे हवंसं वाटतं का, हा प्रश्नच नाही. त्या हव्याशा वाटण्याच्या पाठीमागे कोण उभं आहे, ते बघायचं.

शेजारच्या काकू काही हवं असलं की टेकडीच्या गणपतीला नवस बोलून येतात. त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. खरं सांगायचं तर कधी कधी हेवा वाटतो. आपल्याकडे ती सोय नाही. नवस घेणारा कोणी नाही, त्यामुळे मागण्याची छाननीही आपल्यालाच करावी लागते. ती करता येते, आपल्याला आतून खरं-खोटं कळू शकतं, यावर भरवसा ठेवणं ही माझ्यापुरती श्रद्धा.

तुला लहानपणी बुद्धांच्या मुलाची, राहुलची गोष्ट सांगितली होती, आठवते? राहुलने पाय धुवायला पाणी ठेवलं. बुद्धांनी पाय धुतले, भांड्यात थोडं पाणी राहू दिलं आणि म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्खूपण, या पाण्याएवढंच. मग तेही पाणी ओतून टाकलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं. तुला तो भांड्याचा खेळ फार आवडायचा, पुढचं ऐकायच्या आधीच झोपायचास. पुढे ते पोराला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, बघण्यासाठी. तसंच, ते म्हणतात, काही करण्याआधी बघ, करताना बघ आणि करून झाल्यावरही बघ, यात तुझं किंवा दुसऱ्याचं वाईट होतं का. सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत अशा ज्या वचनांची नावं कोरली, त्यात हा राहुलला केलेला उपदेशही आहे, आणि तो खोटं बोलण्याविषयीचा, असं तिथे मुद्दाम म्हटलं आहे. मला आधी वाटायचं, आरशाची गोष्ट आणि खोटेपणाची गोष्ट एकाच उपदेशात कशाला? कळायला 2001 साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी आपण आपली इंदोरा वस्ती सोडून रिंग रोडपलीकडच्या लेआउटात आलो. तुला आजवर मी सांगितलं ते असं की, तिथे पाणी चांगलं होतं, तुला खेळायला मोकळी जागा होती. दोन्ही खरंच होतं. तिसरं सांगितलं नाही. मला अशा ठिकाणी राहायचं होतं जिथे आपण कोण आहोत ते कोणाला माहीत नसेल.

सामान लागलं तेव्हा बाबासाहेबांचा फोटो मी आतल्या खोलीत लावला, कपाटाच्या बाजूला. समोरच्या खोलीत खिळा आधीपासून ठोकलेला होता. त्यावर किराणा दुकानाचं कॅलेंडर टांगलं. तुझ्या बाबांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, समोर ऊन येतं, फोटोचा रंग उडेल.

उन्हाळ्यात आजी आली. ती चौदा वर्षांची असताना, 14 ऑक्टोबर 1956 ला, पांढरं लुगडं नेसून आईबापासोबत पायी दीक्षेला गेली होती. आजच्या दीक्षाभूमीच्या जागी तेव्हा मोकळं मैदान होतं. तिने नवं घर फिरून पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, बोलली काही नाही. पण कोणी पाहुणं आलं की ती आपली सतरंजी उचलून आत जायची. समोर बस म्हटलं तर म्हणायची, "मी इथंच बसतो, बाबासाहेबांजवळ." आठ दिवस हेच. मला तिचा राग यायचा.

आणि एका संध्याकाळी तू. पाच वर्षांचा होतास. मी तुला बजावून ठेवलं होतं, कोणी नाव विचारलं तर नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही. तू खेळून आलास, पाय धुतलेस आणि विचारलंस, "आई, आपलं आडनाव वाईट आहे का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. भाजी करपली होती एवढं आठवतं.

घर हवंसं वाटणं चुकीचं नव्हतं, बेटा. आजही या घरात मला बरं वाटतं. पण त्या इच्छेला रोज थोडं खोटं खायला घालावं लागत होतं. आधी तुझ्या बाबांशी, मग शेजाऱ्यांशी, शेवटी तुझ्या तोंडून. मी आधी बघितलं नाही, करताना बघितलं नाही. आजी परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढलं. फोटो खिळ्याच्या मानाने जड होता, तुझ्या बाबांनी नवा खिळा ठोकला, तेव्हा पडलेला टवका अजून दिसतो. पुढे एका बाईचं येणं कमी झालं. साखर मागायला येणारी मात्र येत राहिली, अजून येते.

तू म्हणालास, "ऑफिसात सगळ्यांकडे आहे, पार्किंगमध्ये माझीच तेवढी टू-व्हीलर असते." हे वाक्य मला ओळखीचं वाटलं म्हणून एवढं लिहिलं. कदाचित तुझं तसं काही नसेलही. तुला खरंच गाडी चालवायची हौस असेल, आम्हाला घेऊन रामटेकला जायचं असेल. ते तुझं तुला दिसेल, मला इथून दिसत नाही.

एक मात्र इथूनही दिसलं. हप्ता "पंधराच्या आसपास" बसेल म्हणालास. आयुष्यभर गणित शिकवलं आहे, गप्प बसवेना. 12 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 7 वर्षं, म्हणजे महिन्याला 19,300 होतात. दोनदा मांडून पाहिलं.

माझी एफडी जूनमध्ये सुटते आहे. पौर्णिमेला येतोस तेव्हा बोलू, खीर करणारच आहे. पण त्याआधी एक फोन कर आणि हप्ता खरा किती आहे ते सांग.

तुझी,
आई