लग्नाच्या रॉ कॅसेट भंगारात घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका स्टुडिओवाल्याने माळ्यावरच्या दोन पोती व्हीएचएस कॅसेट किलोने विकल्या. मी हळहळलो तर म्हणाला, "काका, लोकांच्या घरी आहे ना कॉपी!" घरी आहे ती वेगळी आणि माळ्यावरची वेगळी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी १९८९ ते २००६ लग्नाचं मिक्सिंग केलं, म्हणजे शूटिंग कापून-जोडून घरी द्यायची कॅसेट तयार केली. आता कॉम्प्युटरवर कुठलाही शॉट कुठेही सरकवता येतो, मूळ फाइलला धक्का लागत नाही. आमचं काम लिनियर, म्हणजे एकापुढे एक जोडत जायचं. डावा व्हीसीआर दाखवायचा, उजवा रेकॉर्ड करायचा. कंट्रोलरवर जागा ठरवली की दोन्ही यंत्रं पाच सेकंद मागे जायची आणि सोबत सुटायची. सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, जेवणं, सगळं ओळीनं. चाळिसाव्या मिनिटाला आत्याबाई राहून गेल्या असतील, तर तेवढ्याच लांबीचा दुसरा शॉट पुसून त्यांना बसवायचं, नाहीतर तिथून पुढचं सगळं पुन्हा जोडायचं. रॉ कॅसेट, म्हणजे कॅमेऱ्यातली न कापलेली, ही पहिली पिढी, मिक्सिंगची मास्टर दुसरी, घरी दिलेली तिसरी. दर कॉपीत चित्र उतरतं. लाल रंग तर आधी बिघडतो, शालू काठाबाहेर सांडल्यासारखा दिसतो.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच नंदनवन भागातून एक ताई आल्या. लग्न १९९६ चं, वडील नुकतेच गेलेले. तयार कॅसेटमध्ये ते कन्यादानाच्या वेळी चार सेकंद दिसत होते, मान खाली घातलेले. रॉ कॅसेट मी सहसा पुसून पुन्हा वापरायचो, त्याचं आज फार वाईट वाटतं. ही मात्र वाचली होती. तीत वडील पंगतीत वाढप्याच्या हातून भांडं घेऊन एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या पानात वडाभात वाढताहेत, "घ्या हो मामाजी, तेल घ्या वरून" म्हणताहेत. पावणेतीन मिनिटं. कॅसेट तीन तासांची, म्हणून मी ते कापलं होतं, आणि उरलेल्या पंगतीवर सनई टाकली होती. ताई पडद्याकडे न बघता डोळे मिटून ऐकत बसल्या. बाबांचा आवाज त्यांच्याकडे दुसरा कुठेच नव्हता.

स्टुडिओवाल्यांनो, विकण्याआधी कॅसेटच्या कडेवरचं नाव वाचा आणि त्या घरी एक फोन करा. ज्यांची लग्नं त्या काळातली आहेत, त्यांनी फक्त आपली कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून आणू नये, रॉ शिल्लक आहे का तेही विचारावं. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट लावूच नका, टेपही जाते आणि व्हीसीआरचं टेप वाचणारं हेडही. दुकानदार मोबाइलवर पाठवण्याजोगी छोटी फाइल देतो, ती पुरेशी नाही. डीव्ही या डिजिटल प्रकारात उतरवलं तर तासाला १३ जीबीच्या आसपास जागा लागते, तेवढी खर्च करा. आणि हे लवकर करा. जपानमधल्या शेवटच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं जुलै २०१६ मध्ये थांबवलं, आता नवं हेड मिळत नाही.

नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागाने दोन चालू व्हीसीआर ठेवून लोकांना कॅसेट उतरवून द्याव्यात, विद्यार्थ्यांचे हातही तयार होतील. माझे दोन्ही व्हीसीआर चालू आहेत, हेड मी दर महिन्याला स्वतः पुसतो. विभाग सांगेल त्या दिवशी आणून देईन आणि चालवायला शिकवीनही.

आपला,
एक निवृत्त व्हिडिओ एडिटर, महाल, नागपूर